काचेआडचा हम्बोल्ट : भायखळ्याच्या पेंग्विन दालनाची समीक्षा, शिरूर-दौंडच्या पर्जन्यछायेच्या प्रदेशातून

गोषवारा : मुंबईतील वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानातील हम्बोल्ट पेंग्विनचे दालन मार्च २०१७ मध्ये प्रेक्षकांसाठी खुले झाले. या दालनाची सार्वजनिक चर्चा प्रामुख्याने खर्च, राजकारण आणि पक्ष्यांची नावे या तीन अंगांनी झाली. दालन प्रेक्षकाला काय शिकवते, हा मूळ प्रश्न तिच्यात मागे पडला. प्रस्तुत लेखात या दालनाकडे एक संहिता म्हणून पाहिले आहे. शिरूर व दौंड या पर्जन्यछायेतील तालुक्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने त्या संहितेचे वाचन कसे होते आणि कसे होऊ शकते, याची चिकित्सा येथे केली आहे.

बीजशब्द : हम्बोल्ट पेंग्विन, प्राणिसंग्रहालय, ग्वानो, एल निनो, पर्जन्यछाया, पर्यावरण शिक्षण.

प्रस्तावना

राणीची बाग हे मुंबईच्या सहलीतील जुने ठिकाण आहे. १८६१-६२ च्या सुमारास व्हिक्टोरिया गार्डन म्हणून आकाराला आलेल्या या बागेला पुढे वीरमाता जिजाबाई भोसले यांचे नाव देण्यात आले. आजही ग्रामीण भागातील पालक आणि शिक्षक तिला राणीची बागच म्हणतात. दौंडचा विद्यार्थी रेल्वेने आणि शिरूरचा विद्यार्थी पुणेमार्गे बसने मुंबईला पोहोचतो. तेथे समुद्र, गेटवे आणि राणीची बाग पाहून तो परततो. या यादीत २०१७ पासून पेंग्विनची भर पडली. बागेतील वाघ, हत्ती वा पाणघोडा ज्याच्या आजोबांनी पाहिला, त्या घरातला मुलगा आता ‘पेंग्विन पाहिला’ असे सांगतो.

पाहिला म्हणजे काय पाहिले, हा प्रश्न समीक्षेचा आहे. प्राणिसंग्रहालयातील दालन हीदेखील एक मांडणी असते. तिच्यात निवड असते, संपादन असते, काही गोष्टी पुढे आणलेल्या असतात आणि काही वगळलेल्या असतात. एखाद्या काव्यसंकलनाची समीक्षा करताना संपादकाने कोणत्या कविता घेतल्या, कोणत्या सोडल्या आणि वाचकाच्या मनात त्या कवीची कोणती प्रतिमा उभी राहिली, हे तपासले जाते. तीच कसोटी येथेही लावता येते.

दालनाचा वृत्तान्त आणि त्याचे तीन प्रचलित अर्थ

जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील सेऊल येथून आठ हम्बोल्ट पेंग्विन मुंबईत आणण्यात आले. त्यांपैकी एका मादीचा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मृत्यू झाला. उरलेले सात पक्षी मार्च २०१७ मध्ये लोकांसमोर आले. १५ ऑगस्ट २०१८ रोजी एक पिल्लू जन्मले, मात्र ते आठवडाभरच जगले. २०२१ मध्ये जन्मलेली पिल्ले वाढली आणि त्यानंतरच्या वर्षांत ही वसाहत विस्तारत गेली. उष्ण व दमट मुंबईत या पक्ष्यांचे प्रजनन साधणे ही तेथील पशुवैद्यक व सेवकवर्गाची कामगिरी आहे, हे प्रारंभीच मान्य केले पाहिजे.

या घटनाक्रमाचे सार्वजनिक वाचन तीन प्रकारे झाले. पहिले वाचन हिशेबाचे होते. २०१७ मध्ये बागेचे प्रवेशशुल्क प्रौढांसाठी पाच रुपयांवरून पन्नास रुपयांवर गेले. २०२१ मध्ये दालनाच्या तीन वर्षांच्या देखभालीसाठी पंधरा कोटी रुपयांहून अधिक रकमेची निविदा निघाली, तेव्हा महापालिकेच्या राजकारणात पेंग्विन हे उधळपट्टीचे रूपक बनले. दुसरे वाचन ममत्वाचे होते. डोनाल्ड, डेझी, पॉपाय, ऑलिव्ह अशा व्यंगचित्रपटांतील नावांनी हे पक्षी घराघरांत पोहोचले. तिसरे वाचन अस्मितेचे. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यावर, २०२५ मध्ये येथे जन्मलेल्या पिल्लांना मराठी नावे द्यावीत, अशी मागणी पुढे आली.

ही तिन्ही वाचने आपापल्या जागी समजण्यासारखी आहेत. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागणे योग्यच आहे. मात्र तिन्हींत एक समान उणीव दिसते. खर्च कोणत्याही प्राण्यावर होऊ शकला असता, नाव कोणत्याही पाळीव जिवाला देता आले असते. हा पक्षी हम्बोल्ट पेंग्विनच का, तो मूळचा कोठला आणि तेथे त्याचे काय चालले आहे, हे प्रश्न तिन्ही वाचनांत उपस्थितच होत नाहीत.

हे प्रश्न शोभेचे नाहीत. भारतात प्राणिसंग्रहालयांचे नियमन वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये १९९१ साली झालेल्या दुरुस्तीने आले आणि १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. १९९८ च्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय धोरणानुसार वन्यजीव संवर्धनाच्या राष्ट्रीय प्रयत्नांना पूरक ठरणे आणि प्रेक्षकांत वन्यजीवांविषयी आस्था व जाण निर्माण करणे, ही प्राणिसंग्रहालयाच्या अस्तित्वाची कारणे आहेत. केवळ मनोरंजन हे कारण त्यात बसत नाही. म्हणून दालनाचे मूल्यमापन त्याने निर्माण केलेल्या जाणिवेवरूनच व्हायला हवे.

अठरा जाती आणि एक प्रतिमा

पेंग्विनच्या साधारणपणे अठरा जाती मानल्या जातात. सर्वसामान्य प्रेक्षकाच्या मनात मात्र पेंग्विनची एकच प्रतिमा असते. बर्फाचे पठार, बोचरा वारा आणि काळा-पांढरा पोशाख घातल्यासारखा उभा पक्षी. ही प्रतिमा मुख्यतः एम्परर आणि अ‍ॅडेली या दोन जातींची आहे. या दोन्ही जाती अंटार्क्टिकाशी घट्ट बांधलेल्या आहेत. गंमत अशी की, जी जात प्रतिमेत सर्वत्र आहे ती एम्परर जात जगातील अगदी मोजक्या संस्थांमध्येच ठेवलेली आहे. तिला लागणारी थंडी, प्रकाशाचे ऋतुचक्र आणि जागा पुरविणे बहुतेकांना शक्य नसते.

प्राणिसंग्रहालयांत आणि मत्स्यालयांत प्रत्यक्षात अधिक दिसतात त्या हम्बोल्ट, आफ्रिकन, मॅगेलानिक, जेंटू, किंग, रॉकहॉपर यांसारख्या जाती. यांतील पहिल्या तीन जाती एकाच, म्हणजे स्फेनिस्कस या प्रजातिसमूहातील आहेत. चौथी जात गालापागोस बेटांवर, थेट विषुववृत्तावर राहते आणि ती प्राणिसंग्रहालयांच्या या यादीत नाही. न्यूझीलंडची पिवळ्या डोळ्यांची जातही प्रेक्षकाला तेथे भेटत नाही. निवडीमागचे तत्त्व यावरून स्पष्ट होते. जी जात बंदिवासात टिकते आणि वाढते, ती प्रदर्शनात येते. कोणती जात सर्वाधिक संकटात आहे, यावर ही निवड ठरत नाही. कधीकधी या दोन गोष्टी एकत्र येतात. आफ्रिकन पेंग्विन पिढ्यान्‌पिढ्या प्राणिसंग्रहालयांत आहे आणि २०२४ मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त वर्गात करण्यात आली. बंदिवासातील संख्या वाढत असताना मूळ किनारा रिकामा होऊ शकतो, हे त्याचे उदाहरण सांगते.

हम्बोल्टची निवड मुंबईने केली, ती याच व्यवहार्यतेपोटी झाली असे म्हणता येईल. युरोप आणि जपानमध्ये हा पक्षी दीर्घकाळ ठेवला गेला आहे. त्याच्या काटकपणाचा एक पुरावा टोकियोत मिळाला. मार्च २०१२ मध्ये तेथील सागरी उद्यानातून वर्षभराचा एक हम्बोल्ट कुंपण ओलांडून निसटला. त्याला नाव नव्हते, ३३७ हा क्रमांक होता. टोकियोच्या उपसागरात ८२ दिवस स्वतः मासे पकडून जगल्यानंतर मे महिन्यात तो सापडला आणि त्याची प्रकृती चांगली होती. हा पक्षी बर्फावाचून जगू शकतो, याची जगाला या घटनेने आठवण करून दिली.

काचेत न दिसणारा प्रदेश

हम्बोल्ट पेंग्विन पेरू आणि चिलीच्या पॅसिफिक किनाऱ्यावर राहतो. हा किनारा जगातील अतिशुष्क प्रदेशांपैकी एक आहे. अटाकामाचे वाळवंट तेथेच आहे. किनाऱ्यालगत वाहणाऱ्या थंड सागरी प्रवाहामुळे हवेचा खालचा थर थंड राहतो, धुके दाटते, पण पाऊस पडत नाही. अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट यांनी १८०२ मध्ये या पाण्याचे तापमान मोजले, म्हणून प्रवाहाला आणि पुढे पक्ष्याला त्यांचे नाव मिळाले. जमीन वैराण आणि समुद्र मात्र समृद्ध, असे हे विलक्षण जोडपे आहे. खोल पाण्यातून वर येणाऱ्या पोषक द्रव्यांवर अँकोव्हीसारखे लहान मासे अमाप वाढतात आणि त्यांवर समुद्रपक्षी जगतात.

या पक्ष्यांच्या विष्ठेचे थर पाऊस नसल्यामुळे वाहून जात नाहीत. शतकानुशतके साचलेल्या या थरांना ग्वानो म्हणतात. हम्बोल्ट पेंग्विन त्यातच बीळ खोदून अंडी घालत असे. वरून ऊन आणि शिकारी पक्षी, आत गारवा, अशी ती व्यवस्था होती. १८४० च्या दशकापासून हा ग्वानो खत म्हणून जहाजे भरभरून युरोपात जाऊ लागला आणि काही दशकांतच बेटांवरील साठे खरवडले गेले. युरोपच्या शेतातील पीक वाढले, पेंग्विनचे घर मात्र गेले. आज अनेक ठिकाणी त्याला खडकाच्या कपारीत किंवा उघड्यावर घरटे करावे लागते. २००९ मध्ये पेरूने ग्वानोची बेटे व भूशिरे राष्ट्रीय राखीव क्षेत्र म्हणून घोषित केली. तरीही ही जात असुरक्षित वर्गात आहे आणि तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार सर्वांत कडक निर्बंधांच्या परिशिष्टात मोडतो.

या प्रदेशाची खूण पक्ष्याच्या चेहऱ्यावरच आहे. हम्बोल्टच्या चोचीच्या मुळाशी गुलाबी, पिसांविरहित कातडी असते. अंगातील उष्णता बाहेर टाकण्यासाठी ती उपयोगी पडते. बर्फातल्या जिवाला असा उघडा चेहरा परवडणारा नाही. म्हणजे ‘पेंग्विन बर्फात राहतो’ या समजुतीचे खंडन काचेपलीकडे प्रत्यक्ष उभे असते. तरीही ते वाचले जात नाही.

याचे कारण मांडणीत आहे. दालनातील हवा सुमारे १६ ते १८ अंश सेल्सिअसवर ठेवली जाते. मुंबईच्या उकाड्यातून आत आलेल्या प्रेक्षकाला तो गारवा ध्रुवीय वाटतो. वस्तुतः शिरूर-दौंडच्या माळावर पौषातल्या पहाटे याहून कितीतरी अधिक थंडी असते आणि ज्वारीच्या राखणीला बसलेला शेतकरी ती घोंगडीवर काढतो. बंद, गाळलेल्या हवेचे दालन आवश्यकच आहे. डासांमुळे होणारा पक्ष्यांचा हिवताप आणि बुरशीमुळे होणारा श्वसनविकार हे बंदिवासातील पेंग्विनचे परिचित शत्रू आहेत. परंतु आरोग्यासाठी केलेली ही योजना अर्थाच्या पातळीवर बर्फाचा भास बळकट करते. प्रेक्षक जी प्रतिमा घरून घेऊन येतो, तीच पक्की करून परत जातो. फलकावर पेरू-चिलीची नावे असली तरी अंगाला लागलेला गारवा त्या अक्षरांहून अधिक बोलका ठरतो.

पर्जन्यछायेतला वाचक

येथे शिरूर आणि दौंडचा संदर्भ महत्त्वाचा ठरतो. घोडनदी आणि भीमेच्या खोऱ्यातील हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. कालव्याच्या पाण्यावर उसाचे मळे उभे राहिले असले, तरी कालव्याबाहेरचा माळ आजही पावसाच्या भरवशावर आहे. ढग येऊनही पाऊस न पडणे म्हणजे काय, हे येथील विद्यार्थ्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. पेरूच्या किनाऱ्याचे कोडे त्याला मुंबईच्या विद्यार्थ्यापेक्षा लवकर उलगडू शकते.

ग्वानोचेही तसेच आहे. पीक निघाल्यावर धनगरांची मेंढरे रात्रभर शेतात बसवून घेण्याची रीत या भागात जुनी आहे. लेंडीखताची किंमत येथे धान्यात वा पैशात मोजली जाते. ज्याने ही रीत पाहिली आहे, त्याला पक्ष्यांच्या विष्ठेसाठी जहाजे का धावली आणि तिच्यावरून देशांत लढाया का झाल्या, हे समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. १८६० च्या दशकात स्पेनने पेरूची चिंचा बेटे ताब्यात घेतली, ती या खताच्या लोभानेच.

सर्वांत खोल दुवा दुष्काळाचा आहे. पॅसिफिकचे पाणी तापते, तेव्हा पेरूच्या किनाऱ्यावरचा थंड प्रवाह दबतो, अँकोव्ही नाहीसे होतात आणि पेंग्विन उपाशी मरतात किंवा घरटी सोडून जातात. या घटनेला एल निनो म्हणतात. अशा अनेक वर्षी भारतातील मोसमी पाऊसही क्षीण होतो. १९७२ हे असेच वर्ष होते. १९७० मध्ये एक कोटी वीस लाख टनांहून अधिक असलेली पेरूची अँकोव्ही मासेमारी अतिरिक्त उपसा आणि एल निनो यांच्या एकत्रित तडाख्याने १९७३ पर्यंत सुमारे वीस लाख टनांवर कोसळली. त्याच काळात महाराष्ट्रात बहात्तरचा दुष्काळ पडला. खडी फोडणारे हात, सुकडी आणि परदेशी मिलो ज्वारीच्या भाकरी शिरूर-दौंडच्या वृद्धांना आजही आठवतात. रोजगार हमीची योजनाही त्याच दुष्काळात आकाराला आली. १९८२-८३ च्या एल निनोमध्ये पेरूतील हम्बोल्ट पेंग्विनची संख्या निम्म्याहून अधिक घटली.

हा संबंध यांत्रिक नाही. १९९७ मध्ये प्रबळ एल निनो असूनही भारतात पाऊस जवळपास सरासरीइतका झाला होता. तरी दोन्ही प्रदेशांचे भवितव्य एका सागरी-वातावरणीय व्यवस्थेत गुंतलेले आहे, हे निर्विवाद आहे. या व्यवस्थेचा मागोवाही भारतातूनच सुरू झाला. मोसमी पाऊस का हुलकावणी देतो याचा शोध घेताना भारतीय हवामान खात्याचे तत्कालीन प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांना पॅसिफिक आणि हिंदी महासागरांवरील वायुदाबाच्या झोक्याचा उलगडा झाला. राणीच्या बागेतला पेंग्विन आणि माळावरचा शेतकरी एकाच झोक्यावर बसलेले आहेत. दालन हे सांगू शकले असते.

‘पोटखराबा’ची दृष्टी

शुष्क प्रदेश म्हणजे रिकामा प्रदेश, ही समजूत पेरूपुरती मर्यादित नाही. सातबाऱ्यावर जी जमीन पोटखराबा म्हणून नोंदली जाते, तिच्यावर चिंकारा, लांडगा आणि माळावरचे पक्षी जगतात. दौंडच्या शेजारी बारामती तालुक्यातील सुप्याजवळचे मयुरेश्वर अभयारण्य लहान असले तरी हेच दाखवून देते. शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली येथे चिंचेच्या झाडांखाली मोर माणसांच्या वावरातच राहतात. तेथे काच नाही, तिकिटाची खिडकी नाही आणि मोरांना व्यंगचित्रातली नावेही नाहीत. गावाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेला तो शेजार आहे.

या तुलनेतून प्राणिसंग्रहालये बंद करावीत, असा निष्कर्ष निघत नाही. पेरूचा पक्षी पाहायला पेरूला जाणे येथील विद्यार्थ्याला शक्य नाही, म्हणून दालनाला प्रयोजन आहे. परंतु संग्रहालयात जन्मलेला पक्षी सहसा मूळ किनाऱ्यावर परतत नाही. त्यामुळे संवर्धनातील त्याचा वाटा मुख्यतः प्रेक्षकाच्या मनात घडणाऱ्या बदलापुरता असतो. तो बदल बर्फाच्या आभासात विरून गेला, तर पक्ष्याचा बंदिवास व्यर्थ ठरतो. कोरड्या जमिनीला निरुपयोगी मानणारी दृष्टी आणि पेंग्विनला बर्फात बसविणारी दृष्टी यांचे मूळ एकच आहे. जिवाकडे त्याच्या प्रदेशापासून तोडून पाहण्याची ती सवय आहे.

मराठी नावांच्या मागणीचाही विचार या अंगाने करता येईल. फ्लेमिंगोला मराठीत रोहित, अग्निपंख अशी नावे आहेत, कारण तो भिगवणच्या पाणलोटावर स्वतः येतो आणि लोकांनी त्याला पाहून नावे दिली. पेंग्विन आपल्या लोकजीवनात नव्हता, म्हणून परका शब्दच रूढ झाला आणि त्यात वावगे काही नाही. एखाद्या पिल्लाला मराठी नाव दिल्याने भाषेचा मान थोडा वाढेल. त्या पक्ष्याचा किनारा, त्याचे बीळ आणि त्याची उपासमार मराठीत नीट सांगितली गेली, तर मराठीची ज्ञानभाषा म्हणून वाढ होईल. दुसरे काम अधिक कष्टाचे आहे.

निष्कर्ष

१. भायखळ्याचे दालन पक्षिपालनाच्या दृष्टीने प्रारंभीच्या आघातांनंतर स्थिरावलेले दिसते. मात्र शैक्षणिक संहिता म्हणून ते अपुरे ठरते, कारण पक्षी दिसतो आणि प्रदेश दिसत नाही.

२. या दालनावरील सार्वजनिक टीकेने खर्च आणि नावे यांपलीकडे जाऊन जातीचा विचार केलेला नाही. टीकेची ही मर्यादा दालनाच्या मर्यादेइतकीच गंभीर आहे.

३. शिरूर-दौंडसारख्या पर्जन्यछायेच्या भागातील विद्यार्थ्याजवळ हा पक्षी समजून घेण्याची अनुभवसामग्री आधीच आहे. ती जागी करण्याचे काम सहलीआधीच्या एका तासिकेत होऊ शकते. त्यासाठी भूगोल, प्राणिशास्त्र, अर्थशास्त्र आणि मराठी या विभागांनी एकत्र येणे पुरेसे आहे.

४. काचेसमोर उभे राहताना विद्यार्थ्याजवळ तीन प्रश्न असावेत. या पक्ष्याचा चेहरा उघडा का आहे? याचे बीळ कोणी नेले? आणि आपल्याकडे पाऊस हुकतो, त्या वर्षी याच्या भाईबंदांचे काय होते? हे प्रश्न घेऊन गेलेला विद्यार्थी परतताना दौंडजवळच्या माळाकडेही वेगळ्या नजरेने पाहील, अशी अपेक्षा बाळगणे अवाजवी नाही.